भाचीची धावण्याची वेळ सुधारली, वजन उतरले आणि पाळी थांबली: काळजी करावी का?

रानजाई

नमस्कार. माझी भाची पुण्यात माझ्याकडे राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. महाविद्यालयाच्या संघातून ती पाच हजार मीटर आणि क्रॉस कंट्री धावते. गेल्या हंगामापासून तिचे वजन सतत उतरते आहे. सुरुवातीला तिची वेळही चांगली सुधारली, त्यामुळे तिचे सर, मैत्रिणी आणि गावाकडचे नातेवाईक अशा सगळ्यांनी तिचे कौतुकच केले. आता मात्र पहाटेच्या सरावानंतर डावी नडगी दुखते, घरात कुणालाच थंडी वाजत नसताना ती स्वेटर घालून बसते, आणि परवा सहज बोलताना तिने सांगितले की उन्हाळ्यापासून तिला पाळीच आलेली नाही. मी घाबरले तर तीच मला समजावू लागली की चांगल्या धावणाऱ्या मुलींचे असेच होते, उलट सराव नीट चालला असल्याची ती खूण आहे.

जेवणाचे सांगायचे तर आधी भात बंद झाला, मग तूप, मग संध्याकाळची पोळी. संकष्टी आणि गुरुवार धरायला लागली आहे. पूर्वी तिला देवाधर्माचे फारसे वेड नव्हते. ताट घेऊन ती स्वतःच्या खोलीत जाते, पण इंटरनेटवरचे पाककृतींचे व्हिडिओ मात्र तासन्‌तास बघते आणि आम्हाला आग्रहाने करून वाढते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खेळाडू मुलींमध्ये हे खरोखर सामान्य आहे का? आधी कुणाकडे जावे, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, हाडांच्या डॉक्टरांकडे की मानसोपचारतज्ज्ञाकडे? आणि पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी आहे, तिला धावू द्यावे का?

लाल_माती

मी शारीरिक शिक्षण विभागातून निवृत्त झालो असून आयुष्यभर मुलामुलींना मैदानावर घडवत आलो. रानजाईताई, काळजी घ्यावी, पण लगेच आजाराचे नाव देऊ नये. लांब पल्ल्याच्या धावपटूला हलके शरीर लागते, ही गोष्ट नाकारून चालणार नाही. माणदेशातील ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या, त्यानंतर सातारा-सांगलीकडच्या कितीतरी मुली पहाटे रस्त्यावर दिसू लागल्या. त्या सगळ्या काटकच असतात. नडगी दुखण्याचे कारण बहुतेक वेळा झिजलेले बूट किंवा डांबरी रस्ता असतो. पाळीचे म्हणाल तर कडक सराव चालू असताना ती मागेपुढे होते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. निवड चाचणी वर्षातून एकदाच येते, तेव्हा घाईने मुलीचे नाव काढून घेऊ नका.

मिसळ_चाहता

जी व्यक्ती स्वतः न खाता दुसऱ्याला आग्रह करकरून वाढते तिच्याकडे आमच्या घरी संशयाने पाहतात. मात्र आमच्याकडे अशी व्यक्ती सापडणेच दुर्मीळ असल्याने मला या विषयातला अनुभव शून्य आहे. तरीही पाककृतींच्या व्हिडिओंचा मुद्दा मला खटकला.

अस्थिपंजर

मी क्रीडावैद्यकात काम करणारा डॉक्टर आहे. लाल_माती सरांविषयी आदर ठेवून सांगतो की त्यांच्या प्रतिसादातील सर्वांत धोक्याचे वाक्य पाळीबद्दलचे आहे. वर्षानुवर्षे सर्वांनी पाहिले आहे, हे खरेच. म्हणूनच १९९२ मध्ये अमेरिकेतील ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या क्रीडावैद्यक संघटनेच्या तज्ज्ञगटाने त्याला ‘फीमेल ॲथलीट ट्रायड’ असे नाव दिले. अपुरे खाणे, थांबलेली पाळी आणि विरळ झालेली हाडे, असे हे त्रिकूट. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याची व्याप्ती वाढवून ‘रेड-एस’, म्हणजे खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडणे, ही संकल्पना मांडली. तिच्यात हृदय, पचन, प्रतिकारशक्ती, मनःस्थिती यांवरचे परिणाम आले आणि पुरुष खेळाडूही आले. २०२३ मध्ये त्यांनी ते निवेदन पुन्हा सुधारले.

यातला हिशेब प्रत्येक प्रशिक्षकाला यायला हवा. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून सरावात खर्च झालेल्या कॅलरी वजा करायच्या आणि उरलेल्याला चरबी वगळून असलेल्या वजनाने भागायचे. समजा, मुलगी पन्नास किलोची आहे आणि चरबी वगळता तिचे वजन चाळीस किलो आहे. धावताना किलोमीटरमागे दर किलो वजनाला साधारण एक कॅलरी खर्च होते, म्हणजे सोळा किलोमीटरला आठशे. तिने दिवसभरात १९०० कॅलरी खाल्ल्या, तर शरीर चालवायला उरल्या ११०० आणि भागाकार आला २७.५. हा आकडा ४५ च्या आसपास असला तर शरीराचे सगळे व्यवहार नीट चालतात. तो ३० च्या खाली गेला की मेंदूतून अंडाशयाला जाणारे संदेश विस्कळीत होऊ लागतात, असे प्रयोगांत दिसले आहे. प्रत्येकीची मर्यादा थोडी वेगळी असते, पण अंदाज यायला एवढे पुरे. याच मुलीला ४५ गाठायला २६०० कॅलरी लागतात. १९०० कॅलरींचे ताट पाहून घरातला कुणीही म्हणेल की मुलगी बरी जेवते.

घरात पैसा कमी पडला की आपण आधी रंगकाम पुढे ढकलतो, किराणा नाही. शरीर तसेच करते. हृदय आणि मेंदू चालू ठेवते आणि प्रजननसंस्थेचा खर्च थांबवते. मग इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि हाडांची झीज भरून निघत नाही. माणसाचे बहुतांश हाड विशीच्या आसपासपर्यंत साठवले जाते, त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी पाळी थांबणे आणि पस्तिसाव्या वर्षी थांबणे यांचा हाडांवरचा परिणाम सारखा नसतो.

सुरुवातीला वेळ सुधारते, हाच यातला सापळा आहे. वजन कमी आणि स्नायू अजून शाबूत, अशी स्थिती काही काळ टिकते आणि मुलीला वाटते की उपाय सापडला. नंतर नडगीचे दुखणे येते. रानजाईताई, ते दुखणे एका बोटाने दाखवता येण्याइतके एकाच जागी असेल, विश्रांतीतही जाणवत असेल किंवा एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर धावणे आजच थांबवा आणि दाखवा. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचे स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला गेलेली बारीक चीर, अनेकदा दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो.

तटस्थ_निरीक्षक

चर्चा चांगली आहे, परंतु मला मूळ चौकटच पटत नाही. मुद्दाम उपाशी राहण्याचा विकार हा भरल्या घरचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्याकडच्या बहुसंख्य खेळाडू मुली शेतकरी आणि मजूर कुटुंबांतून येतात. घरात सर्वांत शेवटी जेवणारी मुलगी पहाटे दहा किलोमीटर धावते, तिला आपण अमेरिकन आजाराचे नाव देणार का? तिला समुपदेशक नको आहे, दूध आणि अंडी हवी आहेत.

धोबीपछाड

तटस्थ_निरीक्षक, तुमचे अर्धे बरोबर आहे. मी कोल्हापूर भागातल्या तालमीत वाढले आणि विद्यापीठाच्या संघातून कुस्ती खेळले. आमच्या घरी खुराकाला कधी कमी नव्हते. म्हशीचे दूध, बदाम, तूप सगळे होते. तरी मी उपाशी राहत असे, कारण वजनगट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक मुलगी स्वतःच्या नैसर्गिक वजनापेक्षा खालच्या गटात उतरण्याचा प्रयत्न करते, कारण समोरची मुलगीही तेच करत असते. स्पर्धेच्या आधी पाणी तोडायचे, दोन-दोन जाकिटे घालून पळायचे, च्युइंगगम चघळून थुंकत बसायचे. वजन झाले की त्याच दुपारी हाताला लागेल ते खायचे. असे वर्षातून अनेकदा झाले की भूक लागली आहे की नाही, हेच कळेनासे होते. माझ्या बरोबरीच्या काही मुली स्पर्धा नसतानाही खाऊन ओकायला लागल्या होत्या आणि तालमीत कुणालाही त्यात वावगे वाटत नव्हते, कारण स्पर्धेच्या आठवड्यात सगळ्याच तसे करत. आमच्या विभागात वजनकाटा हॉलच्या मध्यभागी असे, आकडा मोठ्याने वाचला जाई आणि मुलेही ऐकत.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी वजन शंभर ग्रॅम जास्त भरले म्हणून बाद झाली. रात्रभर व्यायाम करून, केसही कापून वजन उतरवण्याचा प्रयत्न झाला होता. देशभर हळहळ झाली, पण बहुतेक लोक शंभर ग्रॅमवर बोलले. रात्रभर जे केले गेले ते प्रत्येक जिल्ह्याच्या स्पर्धेआधी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली करतात, याबद्दल फारच थोडे बोलले.

आणि यामागे हौस नसते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरती आहे. एका पदकाच्या प्रमाणपत्रावर घर उभे राहते. २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्यापासून तालमीत मुलींची संख्या वाढली आहे, त्याचा मला आनंदच आहे. पण त्या मुलींचे वजन कोण आणि कसे उतरवणार, हे अजूनही ज्याच्या त्याच्या वस्तादावर सोडलेले आहे.

ओहायोकर

माझी मुलगी इथे अमेरिकेत एका छोट्या महाविद्यालयाच्या क्रॉस कंट्री संघात धावते, म्हणून हा धागा वाचून राहवले नाही. इथे सगळे आलबेल आहे असा समज कृपया करून घेऊ नका.

धोबीपछाडताईंनी सांगितलेल्या पद्धतींमुळे १९९७ च्या अखेरीस अवघ्या काही आठवड्यांत इथले तीन महाविद्यालयीन मल्ल मरण पावले. ते पुरुष होते. त्यानंतर एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने सॉना आणि रबरी सूट यांवर बंदी घातली, वजन लढतीच्या जवळच्या वेळेला घ्यायला सुरुवात केली आणि हंगामाआधी लघवीची तपासणी करून, म्हणजे शरीरात पाणी पुरेसे आहे हे पाहून, प्रत्येकाचे किमान वजन ठरवून देण्याची पद्धत आणली. तीन मृत्यू झाल्यावर नियम आले.

धावण्याच्या खेळात असा काटा नसतो, त्यामुळे तिथे गोष्टी शास्त्राच्या नावाखाली चालतात. ओरेगन विद्यापीठाच्या संघातील काही माजी महिला खेळाडूंनी २०२१ मध्ये वृत्तपत्राला सांगितले की त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण डेक्सा यंत्राने वारंवार मोजले जाई आणि त्या आकड्यांच्या दडपणाने त्यांचे खाणे बिघडले. हे यंत्र मुळात हाडांची घनता मोजण्यासाठी ओळखले जाते, हे अस्थिपंजर सांगतीलच.

मॉली सायडेल या अमेरिकन धावपटूचे उदाहरण मी मुलीला अनेकदा सांगते. नोत्र दाम विद्यापीठातून धावताना तिने २०१५ मध्ये एनसीएएचे क्रॉस कंट्री विजेतेपद मिळवले. २०१६ मध्ये ऑलिम्पिक निवड चाचणीसाठी पात्र ठरूनही तिने ती सोडली आणि खाण्याच्या विकारावर उपचार घेण्यासाठी दाखल झाली. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, साप्पोरोच्या रस्त्यांवर तिने ऑलिम्पिक मॅरेथॉनचे कांस्यपदक जिंकले. त्यामुळे एक निवड चाचणी हुकली तर सगळे संपते, असे कुणी म्हटले की मला ते पटत नाही. अर्थात उपचारानंतर प्रत्येकीला पदक मिळत नाही आणि मिळालेल्यांचाही त्रास तिथे संपतोच असे नाही. सायडेलने पुढेही याविषयी उघडपणे सांगितले आहे.

वाचनमात्र

ओहायोकर, तिथे आहारतज्ज्ञ संघाबरोबर असतो ना? मग मुली बोलत का नाहीत?

ओहायोकर

असतो, पण अनेक ठिकाणी आहारतज्ज्ञाला कळलेले प्रशिक्षकालाही कळेल अशी मुलींना धास्ती असते. ज्याच्या हातात संघाची निवड आहे, त्याच्यासमोर कुणी आजार कबूल करत नाही. मुलीच्या संघात वजन प्रशिक्षकाला सांगायचेच नाही असा नियम आहे, म्हणून मी तिला तिथे पाठवले.

मनमोकळी

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत खेळाडू मुली असतात. एकेका मुद्द्याला उत्तर देते.

पहिला मुद्दा तटस्थ_निरीक्षक यांचा. गरिबीमुळे कमी खाणे आणि विकारामुळे कमी खाणे या दोन वेगळ्या वाटा आहेत, पण शरीराला कारणाशी देणेघेणे नसते. हाडे दोन्हीकडे सारखीच झिजतात. शिवाय दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांना, त्यांच्या संमतीने, अनेक महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. ही मुले मानसिकदृष्ट्या धडधाकट म्हणून निवडलेली होती. उपासमार वाढली तशी ती एकेकटी जेवू लागली, एकेका जेवणावर खूप वेळ रेंगाळू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली, चिडचिडी आणि खिन्न झाली. मिसळ_चाहता, तुम्हाला खटकलेले व्हिडिओ हे याच जातीचे लक्षण आहे. म्हणजे कमी खाणे कोणत्याही कारणाने सुरू झाले तरी पुढे ते मनाचा ताबा घेऊ शकते. मेसची वेळ चुकली म्हणून अर्धपोटी राहणारी मुलगी, वजन उतरल्यावर वाहवा मिळाली की त्याच वाटेने मुद्दाम चालू लागते. तेव्हा दूध-अंडी हवीत हे अगदी खरे, पण ती समोर ठेवल्यावरही जी मुलगी खात नाही तिचे काय करायचे, या प्रश्नाला आहार योजना उत्तर देत नाही.

दुसरा मुद्दा प्रमाणाचा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात अव्वल दर्जाच्या महिला खेळाडूंपैकी २० टक्क्यांना खाण्याचा विकार आढळला, तर खेळाडू नसलेल्या स्त्रियांत ते प्रमाण ९ टक्के होते. जिम्नॅस्टिक्ससारख्या दिसण्याला गुण असलेल्या खेळांत ते ४२ टक्के, दमसासाच्या खेळांत २४ आणि चेंडूच्या खेळांत १६ टक्के होते. महाविद्यालयीन खेळाडूंचे चित्र जरा वेगळे दिसते. अमेरिकेतील २०४ विद्यार्थिनी खेळाडूंच्या २००९ मधील अभ्यासात पूर्ण विकार केवळ २ टक्क्यांत, मात्र त्याच्या उंबरठ्यावरची लक्षणे २५.५ टक्क्यांत आढळली. माझ्या कामाच्या दृष्टीने हा दुसरा आकडा महत्त्वाचा आहे, कारण उंबरठ्यावरच्या मुली कुणालाच आजारी वाटत नाहीत. त्या संघात असतात, पदके आणतात, परीक्षेतही चांगले गुण मिळवतात. जिद्द, शिस्त, दुखणे सोसण्याची तयारी हे जे गुण प्रशिक्षकाला हवेहवेसे वाटतात, तेच या आजाराला खतपाणी घालतात.

तिसरा मुद्दा उपवासाचा. मी स्वतः श्रावण पाळते, त्यामुळे हे श्रद्धेविरुद्ध नाही. पण आपल्याकडे उपवास हा न खाण्याचा असा बहाणा आहे की त्याला कुणी आक्षेप घेत नाही. भेद ओळखायचा असेल तर उपवास सोडताना काय होते ते पाहा. संकष्टीला चंद्रोदयानंतर मोदक आनंदाने खाणारी मुलगी वेगळी, आणि उपवास सोडायची वेळ आली की पोट दुखते म्हणून झोपून जाणारी वेगळी. साबुदाण्याची खिचडी तेलकट म्हणून नको, फळ गोड म्हणून नको आणि शेवटी नुसते ताक, असा उपवास आक्रसत जातो.

बोलताना ‘किती वाळलीस’ आणि ‘छान बारीक झालीस’ या दोन्ही गोष्टी टाळा. ताटातले मोजू नका, वजनाचा विषयच काढू नका. थंडी, झोप, नडगी, पाळी, चिडचिड यांबद्दल बोला, कारण तो त्रास तिला स्वतःला जाणवतो आहे. ती पहिल्यांदा नाकारेल. त्याने नाउमेद होऊ नका. कुणाशी बोलावे हेच सुचत नसेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

मेसच्या_काकू

मी एका महाविद्यालयाजवळ मुलींची खानावळ चालवते. डॉक्टर आणि मॅडम यांच्यासारखे मला लिहिता येणार नाही, पण रोज ताटे मीच उचलते, म्हणून सांगते. खेळाच्या मुली साडेपाचला रिकाम्या पोटी ग्राउंडवर जातात, तिथून थेट आठच्या लेक्चरला. त्यांचा नाश्ता बुडतो. संध्याकाळचा सराव सुटेपर्यंत बहुतेक मेस बंद व्हायला आलेल्या असतात आणि तळाची पातळ आमटी उरलेली असते. मी आता ग्राउंडवर जाणाऱ्या मुलींना रात्रीच शेंगदाण्याचा लाडू आणि केळे बांधून देते आणि रात्रीची ताटे झाकून ठेवते. पैसे तेवढेच घेते.

हे केल्यावर बऱ्याच मुली नीट खाऊ लागल्या. पण दोन-तीन मुलींचे लाडू खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात सापडतात असे सफाईच्या मावशी सांगतात. मॅडमचा प्रतिसाद वाचल्यावर त्यातला फरक मला समजला.

तटस्थ_निरीक्षक

काकूंच्या प्रतिसादाने माझ्या आक्षेपाचे उत्तर बरेचसे मिळाले. तरी प्राधान्यक्रम कोणता असावा याबाबत मी अजून माझ्या मतावर आहे. शंभर मुलींमध्ये ज्यांना झाकून ठेवलेले ताट पुरेल त्यांची संख्या जास्त असणार, तेव्हा विद्यापीठांनी आधी मेसची वेळ बदलावी आणि मग समुपदेशक नेमावा.

मनमोकळी

ज्या मुलींना ताट पुरते त्या वेगळ्या झाल्याशिवाय बाकीच्या दिसतच नाहीत, म्हणून क्रमाबाबत माझा तुमच्याशी वाद नाही. फक्त दोन्हींच्या मध्ये पाच वर्षे जाऊ नयेत.

लाल_माती

मी सर्व प्रतिसाद वाचले. वजनाचा खेळाशी संबंध आहे हे माझे म्हणणे कायम आहे आणि प्रशिक्षकाने वजनाचा शब्दही काढू नये, हे मला व्यवहार्य वाटत नाही. वजनगटाच्या खेळात तर ते अशक्यच आहे. पण काटा हॉलच्या मध्यभागी कशासाठी हवा, हा धोबीपछाड यांचा प्रतिसाद वाचून पडलेला प्रश्न, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एका बंद खोलीत, महिला शिक्षिकेसमोर वजन घ्यायला काहीच खर्च येत नाही. दुसरी अडचण मात्र खरी आहे. अनेक महाविद्यालयांत क्रीडा संचालक पुरुष असतो आणि पाळीविषयी विचारणे त्याला आणि मुलीला दोघांनाही अवघड जाते. यावर काय करावे?

धोबीपछाड

सर, विचारू नका, लिहून घ्या. हंगामाच्या सुरुवातीला वैद्यकीय प्रमाणपत्राचा कागद सगळ्या भरतातच. त्यात ‘गेल्या तीन महिन्यांत पाळी आली का’ आणि ‘आतापर्यंत हाडाला चीर गेली आहे का’ हे दोन प्रश्न घाला आणि तो कागद थेट डॉक्टरांकडे जाऊ द्या. तुम्हाला फक्त खेळण्यास योग्य की अयोग्य एवढेच कळावे.

मिसळ_चाहता

आमच्या महाविद्यालयात तो कागद सगळ्यांचा मिळून एकच मुलगा भरत असे आणि त्याच्या अक्षरात संपूर्ण संघाचा रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’ होता. त्यामुळे सूचना उत्तम असली तरी कागद ज्याचा त्याने भरावा, अशी जोड द्यावी लागेल.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. मनमोकळी यांनी सांगितल्याप्रमाणे मी ताटाचा विषय न काढता फक्त नडगीबद्दल बोलले आणि ती डॉक्टरांकडे यायला तयार झाली. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चरची सुरुवात दिसली आहे. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही कमी आहेत. थायरॉइड व प्रोलॅक्टिन ठीक आहेत, सोनोग्राफीतही काही आढळले नाही. नाडी मिनिटाला ४४ आहे. ती म्हणते की खेळाडूची नाडी कमीच असते.

आता घरात दोन मते आहेत. गावाकडच्या ओळखीच्या डॉक्टरांनी पाळी सुरू होण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या सुचवल्या आहेत आणि माझ्या बहिणीला वाटते की पाळी आली म्हणजे प्रश्न मिटला. भाची म्हणते, धावत नाही, पण सायकल आणि पोहणे चालू ठेवते, म्हणजे दम टिकेल. दोन्हींबद्दल कुणी सांगू शकेल का?

अस्थिपंजर

मुलीला न तपासता उपचार सांगता येत नाहीत, परंतु तत्त्व सांगतो. गोळ्यांनी येतो तो रक्तस्राव गोळ्यांमुळे येतो, तिची स्वतःची पाळी त्याने सुरू होत नाही. त्यात तोटा असा की शरीर अजून उपाशी आहे हे सांगणारी सर्वांत उघड खूण झाकली जाते. केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडे वाचवण्यासाठी या गोळ्या देऊ नयेत, असे अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. गर्भनिरोधनाची गरज असेल तर ती वेगळी बाब. खाणे वाढवून आणि सराव घटवून पाळी परतते, त्याला बहुधा काही महिने लागतात. तोवर धीर धरावा लागतो. हाडांची घनता मात्र डेक्सावर एकदा पाहून घ्या. खेळाडूंची हाडे सर्वसाधारण मुलींपेक्षा बळकट असायला हवीत, म्हणून त्यांच्यात झेड-स्कोअर (समवयस्कांच्या सरासरीशी तुलना करणारा आकडा) उणे एकच्या खाली असला तरी आम्ही तो गंभीरपणे घेतो. अहवालावर ‘वयानुसार योग्य’ असे छापून आले तरी आकडा वाचावा.

सायकल आणि पोहण्याने हाडावरचा भार वाचतो, पण कॅलरी तेवढ्याच जातात. आधी सांगितलेल्या हिशेबात ती वजाबाकी तशीच राहील. आहारतज्ज्ञाने खाणे ठरवून दिल्यावर आणि ते प्रत्यक्षात पोटात जाऊ लागल्यावरच त्याचा विचार व्हावा. नाडी ४४ असणे दमसासाच्या खेळाडूत चालते खरे, पण पाळी बंद, थंडी वाजणे आणि उतरते वजन यांच्या सोबतीने आलेली ४४ ही नाडी मी सराव चांगला असल्याची खूण मानणार नाही. ईसीजी आणि रक्तातील पोटॅशियम, फॉस्फेट पाहून घ्यावे. चक्कर, छातीत धडधड किंवा उलट्या असतील तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

तुमच्या मूळ तीन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर असे की एकाच डॉक्टरने हे भागणार नाही. क्रीडावैद्यक, आहारतज्ज्ञ आणि मनमोकळी यांच्यासारखी व्यक्ती, असे तिघे हवेत आणि त्यांनी एकमेकांशी बोलायला हवे. तिसऱ्याचे उत्तर एमआरआयनेच दिले आहे. ऑलिम्पिक समितीच्या तपासणी पद्धतीत हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे चार टप्पे आहेत. कागदावरच्या तपशिलावरून तरी तुमची भाची पहिल्या दोन टप्प्यांतली वाटत नाही. निवड चाचणी नको.

लाल_माती

रानजाईताई, डॉक्टरांचे म्हणणे मान्य करून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. नाव मागे घेण्याचा अर्ज मुलीकडून नको, डॉक्टरांच्या पत्रासह पालकाकडून क्रीडा विभागाला द्या आणि पोच घ्या. पत्रात ‘नडगीच्या हाडाची दुखापत’ एवढेच पुरे, बाकीचे कुणाला कळण्याची गरज नाही. तिचे पदवीचे तिसरे वर्ष अजून शिल्लक आहे. दरम्यान तिचा संघाशी संबंध तुटू देऊ नका. सरांनी परवानगी दिली तर तिला सरावाच्या वेळी वेळ नोंदवायला बसू द्या, पण पहाटेच्या नव्हे, संध्याकाळच्या सरावाला, आणि निघण्याआधी तिने काहीतरी खाल्लेले असावे.